मास्तरीणबाईंचा दाखला

संस्थान विलीन झालं आणि कोल्हापुरात औषधापेक्षा कागद जास्त खपायला लागला. माझा दवाखाना शुक्रवार पेठेत, दोन खोल्यांचा. बाहेर रोग्यांसाठी बाक, आत तपासणीचं टेबल आणि कपाटात माझा जुना पितळी मायक्रोस्कोप. पूर्वी दरबारच्या नोकराला रजा हवी असली तर माझी चार ओळींची चिठ्ठी पुरायची. आता मुंबई सरकारचे छापील फॉर्म आले. आजारी पडल्याचा वेगळा, बरं झाल्याचा वेगळा, नोकरीवर कायम होण्याचा वेगळा. सगळे इंग्रजीत. बाकावर बसलेल्यांत निम्मे रोगी असायचे आणि निम्मे दाखलेवाले.

मी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळायचो. कागलचा एक पावणा मेहुण्याच्या लग्नात चार दिवस राहून आला होता आणि त्याला मागच्या तारखेचा ताप हवा होता.

"ताप काय डोळ्यांनी दिसतोय व्हय डागदर? लिवलं की आला," तो म्हणाला.

मी फॉर्म परत दिला. "लई ताठ हाय की ह्यो गडी," असं बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून तो गेला. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं होतं. ताठ राहायची अजून काही किंमत द्यावी लागली नव्हती, म्हणून बरं वाटलं होतं.

त्याच सुमारास एका दुपारी दोन बायका आल्या. एक पस्तिशीची, पांढऱ्या पातळातली, हातात छत्री. मुलींच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवणाऱ्या मास्तरीणबाई. दुसरी त्यांची सासू. दोघीही विधवा. मुलगा गेल्यावर सासूनं सुनेला माहेरी धाडलं नव्हतं, ट्रेनिंगला धाडलं होतं, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. सासू जाडजूड, आवाज पहाडी. तिनंच सुरुवात केली.

"डागदर, हिच्या हाताला बघा. काल भाकऱ्या करताना तवा टेकला. ह्यो एवढा फोड आला आणि हिला पत्ता न्हाय. मीच वराडलो, अगं हात जळाला की!"

मास्तरीणबाईंनी बाही वर केली. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाहून मोठा फिकट चट्टा होता आणि फोड बरोबर त्याच्या मध्ये. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. पिसानं स्पर्श करायचा आणि जिथं कळेल तिथं त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. मनगटावर बोट बरोबर पडलं, दंडावर बरोबर पडलं. चट्ट्यावर मी चार वेळा पीस फिरवलं. त्या डोळे मिटून वाट बघत बसल्या होत्या. टाचणी लावली, तरीही त्या वाट बघतच होत्या. सासू सगळं पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कोपराच्या आतल्या बाजूची शीर मी चाचपली, ती दोरीसारखी जाड लागली.

"डोळे उघडा," मी म्हणालो.

"सुरू करा ना," त्या म्हणाल्या.

त्यांना कसं सांगितलं ते शब्द आता आठवत नाहीत. महारोग हा शब्द मी उच्चारला एवढं खरं. मास्तरीणबाईंनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं. सासूनं विचारलं, "म्हंजे रगतपिती? ती नदीच्या घाटावर भीक मागणारी माणसं असत्यात, तसली?"

"तसली नाही. याचे प्रकार असतात. हा सौम्य प्रकार दिसतो. याच्यात बहुतेक जंतू बाहेर पडत नाहीत, दुसऱ्याला लागत नाही. पण मला तपासून खात्री करू द्या."

चट्ट्याच्या कडेचा, कानाच्या पाळीचा आणि नाकातला असे नमुने काचपट्ट्यांवर घेतले. तीन दिवस जमेल तेव्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. एकही जंतू दिसला नाही. तरी स्वतःवर विश्वास नको म्हणून पट्ट्या दुसऱ्या गावच्या महारोग्यांच्या दवाखान्यात एका अनुभवी डॉक्टरांकडे पाठवल्या. त्यांचं पत्र आलं: तुमचं निदान बरोबर, रोग्यापासून कोणालाही धोका नाही. सोबत पांढऱ्या गोळ्यांची डबी. नव्याच निघाल्या होत्या त्या. आमच्या शिकाऊ दिवसांत या रोगाला कडुकवठाच्या तेलाची इंजेक्शनं टोचायचे आणि रोगी कळवळायचे. मास्तरीणबाई गोळ्या घेऊ लागल्या. सासू दर महिन्याला येऊन डबी घेऊन जायची. शाळा चालू होती. कोणाला काही कळलं नव्हतं.

आठ-नऊ महिन्यांनी मास्तरीणबाई एकट्याच आल्या. सगळ्या शिक्षकांना नव्या सरकारच्या नोकरीत कायम करायचं होतं आणि त्यासाठी वैद्यकीय फॉर्म भरून द्यायचा होता. त्यांनी तो माझ्यासमोर उलगडून ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. उमेदवारास महारोग आहे काय? पुढं दोन इंग्रजी शब्द छापलेले, हो आणि नाही या अर्थाचे. नको तो खोडायचा.

"नाही ठेवा, हो खोडा," त्या म्हणाल्या. "आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

मी फॉर्म बराच वेळ पाहत राहिलो. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी, संस्थान असतानाच, असाच एक फॉर्म माझ्याकडे आला होता, इंग्रज सरकारच्या पोस्टातल्या एका शिपायाचा. त्यालाही असाच सौम्य रोग होता. प्रश्न तोच होता आणि मी प्रामाणिकपणे "हो" ठेवलं होतं. आठवड्यात त्याची नोकरी गेली, पाठोपाठ भाड्याची खोली गेली. पुढं एकदा मी पंचगंगेच्या घाटावर एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेलो होतो, तिथं पायरीवर तो बसलेला दिसला. हाताला चिंध्या, पुढं पत्र्याचा डबा. औषध कधीच सुटलं होतं. त्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, "नमस्कार डॉक्टर." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, मी 'नाही' लिहू शकत नाही," मी म्हणालो. "खोटं होईल. आणि उद्या कुणी दुसऱ्या डॉक्टरनं तुमचा हात पाहिला तर तुमचीही नोकरी जाईल आणि माझी सहीही."

"मग 'हो' लिहा."

"तेही लिहिणार नाही."

"म्हणजे?" त्या उभ्या राहिल्या. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. "'हो' नाही, 'नाही' नाही. मग मी काय करायचं डॉक्टर? तुमचा नेम सांभाळायला मी घाटावर जाऊन बसू?"

घाटाचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज म्हटलं होतं. मी तो छापील प्रश्न बोटानं दाखवला. मग मी माझ्या मनात होतं ते सांगितलं: प्रश्नच चुकीचा आहे. सरकारला जाणून घ्यायचंय की मुलांना धोका आहे का. ते त्यांनी विचारलेलंच नाही. मी हो आणि नाही दोन्ही खोडतो आणि न विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहितो. "पण मग रोगाचं नाव कागदावर येईल. कचेरीत चार लोक वाचतील. तुमच्या परवानगीशिवाय मी टाक उचलणार नाही."

त्यांनी फॉर्मची घडी केली आणि निघून गेल्या. मला वाटलं, आता दुसऱ्या कुणाकडून "नाही" लिहून घेतील. पेठेत तसं लिहून देणारे होते.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. सासू दारातूनच म्हणाली, "लिवा, काय लिवायचं ते."

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. "खरं लिहा. पण माझ्यादेखत. आणि मराठीत लिहा, मला वाचता आलं पाहिजे. माझ्याबद्दलचा कागद आहे."

मी हो आणि नाही या दोन्ही शब्दांवर आडवी रेघ ओढली आणि समासात लिहिलं: "प्रश्न अपुरा आहे. या बाईंना महारोगाचा सौम्य प्रकार आहे. तपासणीत जंतू सापडले नाहीत. त्यांच्यापासून मुलांना किंवा इतर कोणाला धोका नाही. उपचार चालू आहेत. त्यांना वर्गाबाहेर ठेवण्यास वैद्यकीय कारण नाही." त्यांनी ते वाचलं. "'महारोगाचा' मधला 'हा' नीट काढा," त्या म्हणाल्या, "'टा' वाटतोय." मी पुन्हा गिरवला.

पंधरा दिवसांत फॉर्म परत आला. लाल शाईचा शेरा: "अपूर्ण. हो किंवा नाही लिहावे." मी त्याखाली लिहिलं, "पूर्ण आहे," सही केली आणि परत पाठवला. पुन्हा आला. या वेळी सोबत पत्र होतं, सदर डॉक्टरांनी समक्ष येऊन खुलासा करावा. मास्तरीणबाईंना मात्र पत्राची वाट पाहावी लागली नाही. त्यांना तोंडी सांगण्यात आलं की निकाल होईपर्यंत शाळेत पाऊल टाकू नका.

मी शिक्षणखात्याच्या कचेरीत गेलो. व्हरांड्यात मास्तरीणबाईंची सासू भिंतीला टेकून बसली होती. ती रोज येत होती म्हणे. शिपाई तिला उठवायचे आणि ती पुन्हा बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिच्या हातची भाकरी रोज खातो मी. झालंय का मला काय? हे बघा हात, हे बघा पाय." आणि खरंच लुगडं घोट्यावर घेऊन पाय दाखवायची. कचेरी हैराण झाली होती.

साहेब पुण्याकडून बदलून आलेले, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

"डॉक्टर, एका शब्दाचं काम आहे," ते म्हणाले. "तुम्ही सहा वाक्यं लिहिलीत. आम्ही ती कुठल्या रकान्यात घालायची?"

"रकाना चुकीचा आहे साहेब."

"फॉर्म सरकारनं छापलाय."

"मग सरकारनं चुकीचा छापलाय."

बाजूच्या टेबलावरच्या हेडक्लार्कचा टाक थांबला. साहेब हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. ते पुढं वाकले. "मी तुम्हाला एक विचारू? तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. तिसरीत."

"तिला बसवाल या बाईंच्या वर्गात?"

माझी मुलगी रंकाळ्याच्या बाजूला एका खाजगी शाळेत जायची. वकील-डॉक्टरांच्या मुली तिथंच असत. सरकारी शाळेत तिला घालावं हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि त्याचा महारोगाशी काही संबंध नव्हता. त्या क्षणी साहेबांनी मला कुठं पकडलं होतं, ते त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

"बसवतो," मी म्हणालो. "बाईंना वर्गात जाऊ द्या, त्याच दिवशी माझी मुलगी तिथं येईल. तुमच्या वहीत लिहून ठेवा."

घरी गेल्यावर पत्नीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"लागत नाही ना, खरंच?"

"नाही."

"तुमची खात्री आहे?"

"आहे."

"मग मुलीचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण साहेबाला शब्द देऊन आलात आणि मला आता सांगताय. त्या बाईला विचारल्याशिवाय टाक उचलला नाहीत ना? मग मला विचारायला काय झालं होतं?" तिनं ते पुढं कित्येक दिवस मला विसरू दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला आणायला ती स्वतः गेली. तिथल्या मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "आईची इच्छा, असं लिहा."

साहेबांनी प्रकरण सिव्हिल सर्जनकडे पाठवलं. ते वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बाईंचा हात तपासला, माझ्या पट्ट्या पाहिल्या, नव्या घेतल्या, त्याही पाहिल्या. मग लिहिलं, "सदर डॉक्टरांच्या मताशी असहमत होण्याचे कारण दिसत नाही." बाई बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "मनात आहे ते सगळं लिहीत नाही. माझी पेन्शन जवळ आलीय. एवढ्यावर भागवा."

त्यावर भागलं. बाईंना वर्गात परत घेतलं, पण कायम केलं नाही. वर्षावर्षाची नोकरी, आणि दर सहा महिन्यांनी नवा दाखला.

त्या परत जायच्या दिवशी शाळेच्या अंगणात पालक जमले होते. बातमी कचेरीतून बाहेर यायला वेळ लागत नाही. मी मुलीचं बोट धरून मागं उभा होतो. काळा कोट घातलेले एक गृहस्थ मुख्याध्यापिकेला सांगत होते की आमच्या मुली काही उकिरड्यावर सापडलेल्या नाहीत. मुख्याध्यापिका घाबरून "हो, हो" करत होत्या. मी पुढं जाऊन बोलणार होतो, भाषणही तयार केलं होतं. मास्तरीणबाईंनी मला हातानं थांबवलं.

त्या पायरीवर चढल्या. डाव्या हाताचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

"हा तो चट्टा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवतानाचाच. "ज्याला बघायचाय त्यानं जवळ येऊन बघा, लांबून बघू नका. महारोग आहे. लागणारा नाही. मी गोळ्या घेते. दोन डॉक्टरांनी लिहून दिलंय, वाचायचं असेल तर माझ्याजवळ आहे. ज्यांना मुली न्यायच्यात त्यांनी आत्ता न्या, दाखला मिळेल. राहतील त्यांनी आत येऊन पाट्या काढा. घंटा होऊन गेलीय."

मग कोटवाले गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन फाटकाबाहेर गेले आणि त्यांच्या मागोमाग आणखी बरेच गेले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. अंगण जवळपास निम्मं रिकामं झालं. मला भीती वाटली की आता सगळेच जातील. तेवढ्यात फळांचा गाडा लावणारी एक बागवान बाई पोरीला पाठीत ढकलत पुढं आली.

"जा आत. बघती काय? ह्या बाईंनी तुला तेराचा पाढा शिकवला. दुसरीकडं कोण शिकवतंय?"

तिची मुलगी आत गेली. माझ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं असं नाही, पण माझा हात तिनं आपणहून सोडला आणि त्या मुलीच्या मागं गेली. त्यांच्या मागून राहिलेल्या एकेक करून गेल्या. वर्ग अर्धा भरला होता. बाईंनी दार लावून घेतलं आणि आम्ही बाहेर उरलेले एकमेकांकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं आतून तेराच्या पाढ्याचा आवाज आला.

गेलेल्यांतल्या काही मुली दिवाळीनंतर परतल्या, काही परतल्या नाहीत. मलाही त्याची किंमत द्यावी लागली. दोन मोठी घराणी माझ्याकडे यायची बंद झाली. एक आई, मी साबणानं हात धुतलेले स्वतः पाहिल्याशिवाय, मला तान्ह्याला हात लावू द्यायची नाही. मी तिच्यासमोर हात धुवायचो. तान्ह्याला हात लावण्यापूर्वी तसेही धुवायचेच होते. आणि एक दिवस कचेरीचं पत्र आलं की ज्या डॉक्टरांचे दाखले ग्राह्य धरायचे त्या यादीतून माझं नाव काढलं आहे. कारण, विहित नमुन्यात माहिती न देणे. त्यापुढं माझ्या प्रत्येक दाखल्यावर दुसऱ्या डॉक्टरची सही लागू लागली. त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात एकटाच बसून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. कंपाउंडर बाटल्या पुसत ऐकत होता. दुसऱ्या दिवशी बाक भरलेलाच होता. लोकांना ताप यायचा तो यादी बघून येत नव्हता.

दर सहा महिन्यांनी बाई फॉर्म आणायच्या. मी दोन्ही शब्द खोडायचो आणि तीच सहा वाक्यं लिहायचो. फॉर्म परत यायचा, मी परत पाठवायचो. पुढंपुढं हेडक्लार्कच कंटाळला आणि त्यानं परत पाठवणं सोडून दिलं. पाचव्या वर्षी बाई कायम झाल्या. त्या वेळेपर्यंत गोळ्या थांबल्या होत्या. चट्ट्यावर त्वचेचा रंग बराचसा आला होता, मात्र तिथला स्पर्श त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. सासू मला ऑर्डर दाखवायला घेऊन आली होती.

"आता ते हो का न्हाय बंद झालं का डागदर?"

"तुमच्या सुनेपुरतं झालं. फॉर्म तसाच छापतात."

"मग?"

"मग खोडायचं."

पेठेत कळल्यामुळं तसे फॉर्म घेऊन आणखी काही जण माझ्याकडे आले. राधानगरीच्या बाजूचा एक जंगलखात्यातला गडी आला. त्याला पुढचं सगळं समजावून सांगितलं, त्यानं हो म्हटलं आणि दोन वर्षं भांडून त्याची नोकरी टिकली. एक पोलीस आला. त्याला "नाही"च हवं होतं. मी दिलं नाही. त्याला ते दुसरीकडे तासाभरात मिळालं, नोकरीला धक्काही लागला नाही. पण आपल्याला रोगच नाही असं कागदावर आल्यावर गोळ्या घ्यायला माझ्याकडे कसा येणार तो? तीन वर्षांनी तो मला कळंब्याच्या रस्त्यावर भेटला, तेव्हा त्याची दोन बोटं आत वळलेली होती. मी रस्त्यातच त्याचा हात धरला आणि दवाखान्यात घेऊन आलो. तो नको नको म्हणत होता, लोक बघत होते. टेबलावर बसवून डबी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "कागद पाहिजे का?"

"पाहिजे," तो म्हणाला. "तुमच्यासारखा लिवा."